थेंबांचा हिशेब
लहान दुकानाला परवडणारे, रंग मिसळणारे यंत्र

दिवाळी तोंडावर आली आहे आणि घरात रंगकाम निघाले आहे, अशी कल्पना करा. सगळे सामान खोलीच्या मधोमध चादरीखाली झाकून ठेवले आहे. तीन भिंती रंगवून झाल्या, चौथीही अर्धी झाली आणि रंगारी शिडीवरून म्हणतो, "वहिनी, रंग कमी पडतोय. अजून एक लिटर लागेल."

तुम्ही सायकल काढता आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाता. दुकानदाराला तुमचा फिकट बदामी रंग आठवतो. तो पांढऱ्या रंगाचा डबा उघडतो, स्टेनरच्या छोट्या बाटल्यांतून थोडा पिवळा, किंचित तांबडा आणि अगदी जरासा काळा रंग त्यात घालतो, काठीने ढवळतो, बोटाने कागदावर फासून बघतो आणि मान डोलावतो. संध्याकाळी भिंत पूर्ण होते. सकाळी उठून पाहता तो काय! भिंतीच्या मधोमध एक उभी रेघ दिसते. डावीकडचा बदामी वेगळा, उजवीकडचा वेगळा.

दुकानदाराने लबाडी केली का? मुळीच नाही. त्याने अगदी प्रामाणिकपणे तेच रंग, त्याच बाटल्यांतून, जवळजवळ तेवढेच घातले होते. सगळी गोम त्या "जवळजवळ" या शब्दात आहे. आता तो डबा परत येणार, पैशांवरून दोन शब्द होणार आणि तो मिसळलेला रंग दुसऱ्या कोणाला विकताही येणार नाही. लहान दुकानाच्या दृष्टीने असा एकेक डबा म्हणजे दिवसाच्या कमाईला पडलेले भोक असते.

मोठ्या दुकानांत आता हे काम यंत्र करते. परंतु पूर्ण स्वयंचलित यंत्राची किंमत लाखाच्या पुढे जाते. मग लहान दुकानदाराने काय करावे? असे यंत्र स्वस्तात होऊ शकेल का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी रंगाच्या डब्यात डोकावू.

डब्यात असते काय?

भिंतीच्या रंगात मुख्यत: चार गोष्टी असतात. पहिली रंगद्रव्य, म्हणजे रंग देणारी, न विरघळणारी बारीक पूड. दुसरी बंधक, म्हणजे ही पूड भिंतीला धरून ठेवणारा पदार्थ. तिसरी द्रावक, इमल्शन रंगात ते पाणीच असते. आणि चौथी म्हणजे बुरशी, फेस, साका वगैरे टाळण्यासाठी घातलेली किरकोळ द्रव्ये.

पांढऱ्या रंगातील रंगद्रव्य म्हणजे बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड. खरे तर त्याचा प्रत्येक कण पारदर्शक असतो. पण त्याचा अपवर्तनांक सुमारे २.७ आणि भोवतालच्या बंधकाचा सुमारे १.५ असतो. या फरकामुळे प्रकाश प्रत्येक कणापाशी वळतो, विखुरतो आणि बराचसा परत फिरतो. म्हणून भिंत पांढरी दिसते. काळ्या रंगद्रव्याचे काम याच्या नेमके उलट. त्यात बहुधा काजळीसारखा कार्बन असतो आणि तो प्रकाश गिळून टाकतो.

म्हणजे डब्यात सतत एक चढाओढ चाललेली असते. पांढरे कण प्रकाश परत पाठवू पाहतात आणि रंगीत कण त्यातला काही गिळू पाहतात. या चढाओढीत कोण किती बलवान, हे समजले की दुकानदाराची अडचण समजली.

एक टक्का काळा

एक कोडे सोडवा. पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ९० टक्के प्रकाश परावर्तित करतो आणि काळा फक्त ४ टक्के. ९९ भाग पांढऱ्यात १ भाग काळा मिसळला तर मिश्रण किती टक्के प्रकाश परावर्तित करील?

सरासरी काढणारा विद्यार्थी चटकन म्हणेल, ८९ टक्के. पण हे उत्तर चुकीचे आहे. कारण प्रकाशकिरण एकाच कणावर आपटून परत येत नाही. तो कणाकणांतून ठेचकाळत, वळणे घेत बाहेर पडतो आणि या लांबच्या प्रवासात त्याला काळा कण भेटण्याची शक्यता खूप वाढते.

या प्रवासाचे गणित पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक या दोघांनी १९३१ साली मांडले. त्यांचे सूत्र शालेय गणितात बसण्याइतके सोपे आहे. परावर्तन र असेल (९० टक्के म्हणजे ०.९०), तर १ मधून र वजा करा, उत्तराचा वर्ग करा आणि त्याला र च्या दुपटीने भागा. येणारी संख्या म्हणजे शोषण आणि विखुरणे यांचे गुणोत्तर. पांढऱ्यासाठी ती सुमारे ०.००५६ येते आणि काळ्यासाठी ११.५२. सरासरी काढायची ती परावर्तनाची नव्हे, तर या संख्यांची.

९९ भाग पांढरा आणि १ भाग काळा घेऊन सरासरी काढली तर ०.१२०७ येते. तिच्यावरून उलट गणित केले की परावर्तन निघते सुमारे ६१ टक्के! ९० वरून एकदम ६१ वर. आणखी एक टक्का काळा घातला तर ते ५१ वर येते. म्हणजे पहिल्या टक्क्याने २९ अंकांची घसरण केली, दुसऱ्याने फक्त दहाची. हे गणित ढोबळ आहे, प्रत्यक्ष रंगांत थोडाफार फरक पडतो. पण त्यातून निघणारा धडा खरा आहे. पांढऱ्या रंगात पडलेले पहिले काही थेंब सर्वांत जास्त बोलतात. म्हणून गडद रंगापेक्षा फिकट रंग जुळवणे अधिक नाजूक असते.

लहान डबा, मोठी अडचण

आता आपल्या बदामी डब्याकडे वळू. समजा, एक लिटर पांढऱ्यात एक मिलिलिटर काळा हवा होता आणि दुकानदाराच्या हातून दीड पडला. फरक फक्त अर्ध्या मिलिलिटरचा, म्हणजे साधारण दहा थेंबांचा. वरच्याच गणितानुसार परावर्तन ८३ टक्क्यांवरून ८१ वर येते. हे दोन रंग दोन वेगळ्या खोल्यांत असते, तर कोणाच्या लक्षातही आले नसते. पण एकाच भिंतीवर ते कडेला कड लावून भेटले की डोळा त्यांना पकडतो.

हीच दहा थेंबांची चूक वीस लिटरच्या बादलीत झाली असती तर? तेथे काळा वीस मिलिलिटर लागतो. दहा थेंबांची चूक म्हणजे अडीच टक्के. एक लिटरच्या डब्यात मात्र तीच चूक पन्नास टक्के! आणि कारखान्यातील पाच हजार लिटरच्या टाकीत तर दहा थेंबांना विचारतो कोण?

येथे एक उलटी गोष्ट ध्यानात येते. आपल्याला वाटते, मोठ्या कारखान्याला अचूक यंत्रे लागतात आणि लहान दुकानाचे अंदाजाने भागते. प्रत्यक्षात मापाची सर्वांत कडक परीक्षा द्यावी लागते ती एक लिटर विकणाऱ्या लहान दुकानदाराला. आणि तेच यंत्र घेणे त्याला सर्वांत जड जाते.

दुकानातील यंत्र काय करते?

भारतात १९९० च्या दशकात दुकानादुकानांतून रंग मिसळणारी यंत्रे दिसू लागली. त्याआधी दुकानदाराला प्रत्येक छटेचे तयार डबे ठेवावे लागत. शंभर छटा आणि प्रत्येकीचे १, ४, १० व २० लिटर असे चार आकार धरले, तर एकाच प्रकारच्या रंगाचे चारशे तऱ्हेचे डबे झाले. त्यातले निम्मे फळीवर धूळ खात पडणार आणि त्यांत दुकानदाराचे भांडवल अडकणार.

यंत्र आल्यावर ही पद्धत बदलली. आता फळीवर असतात ते फक्त 'बेस', म्हणजे मूळ रंग. त्यांचे तीन-चार प्रकार असतात. फिकट छटांसाठी भरपूर पांढरे रंगद्रव्य असलेला, मध्यम छटांसाठी कमी असलेला आणि गडद छटांसाठी जवळजवळ नसलेला. गर्द लाल रंग पांढऱ्या बेसमध्ये कधीच बनत नाही. कितीही लाल घाला, तो गुलाबीच राहतो. यंत्रात बारा ते सोळा नळकांडी असतात आणि त्यांत 'कलरंट' म्हणजे रंगद्रव्यांचे दाट लगदे भरलेले असतात. चार बेस आणि चार आकार, म्हणजे फक्त सोळा तऱ्हेचे डबे. आणि त्यांतून निघतात हजारो छटा! बेसचा डबा नेहमी थोडा अपुरा भरलेला असतो, ते कलरंटला जागा राहावी म्हणून.

प्रत्येक छटेचे एक सूत्र असते: कोणता बेस, कोणते कलरंट आणि किती. हे माप अजूनही पुष्कळदा औंसात मोजतात. एक औंस म्हणजे २९.५७ मिलिलिटर. त्याचा अठ्ठेचाळिसावा भाग म्हणजे सुमारे ०.६२ मिलिलिटर. जुन्या पद्धतीच्या, हाताने चालवायच्या यंत्रात खाचांची पट्टी असते आणि एक खाच म्हणजे साधारण हा एक भाग. पण आपण आत्ताच पाहिले की लहान डब्यात अर्धा मिलिलिटरही जास्त होतो. म्हणून अधिक सूक्ष्म यंत्रे औंसाचे ३८४ भाग करतात. एक भाग ०.०७७ मिलिलिटर, म्हणजे फार तर दीड थेंब.

डब्यात कलरंट पडले की झाकण लावून डबा दुसऱ्या यंत्रात ठेवतात. ते त्याला जोरजोराने हलवते किंवा दोन अक्षांभोवती गरगर फिरवते. काठीने ढवळताना तळाचा आणि कडेचा रंग तसाच राहू शकतो. यात तो राहत नाही.

सुई नसलेली सिरिंज आणि आटेदार सळई

आता हे यंत्र स्वस्तात कसे करता येईल, ते पाहू. सूक्ष्म माप काढण्याचे साधे साधन म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी प्लास्टिकची सिरिंज. तिचा दट्ट्या हाताने न दाबता मोटारीने दाबायचा. त्यासाठी 'स्टेपर मोटार' वापरतात. ही मोटार सलग फिरत नाही, टप्प्याटप्प्याने फिरते. साधारणपणे एका फेऱ्यात २०० टप्पे असतात. मोटारीला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ८ मिलिमीटर जाडीची आटेदार सळई जोडली, तर एका फेऱ्यात नट १.२५ मिलिमीटर पुढे सरकतो.

आता हिशेब करा. सिरिंजचा आतील व्यास २० मिलिमीटर धरला तर काटछेदाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर. एका फेऱ्यात बाहेर येणारा रंग सुमारे ०.३९ मिलिलिटर. त्याला २०० ने भागले की एका टप्प्याला जेमतेम ०.००२ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाचा पंचविसावा भाग! मोटार आणि तिला हुकूम देणारा छोटा मायक्रोकंट्रोलर यांची किंमत काही शेकडा रुपयांत मोजावी इतकी असते. मग प्रश्न सुटलाच की!

कागदावर सुटला. प्रत्यक्षात सळई आणि नट यांच्यात थोडी ढिलाई असते. दिशा बदलली की पहिले काही टप्पे ती ढिलाई भरून काढण्यातच जातात. दट्ट्याचे रबर आधी चिकटून बसते आणि मग एकदम उडी घेते. दाट कलरंटमध्ये हवेचा बुडबुडा अडकला, तर मोटारीने दिलेला दाब त्याला दाबण्यात जातो आणि रंग मागाहून सावकाश ठिबकत राहतो. महागड्या यंत्रांत या सगळ्या खोडी घासूनपुसून काढलेल्या भागांनी टाळलेल्या असतात. त्याचीच ती किंमत. स्वस्त यंत्राला दुसरी वाट शोधली पाहिजे.

वाण्याची युक्ती

ती वाट तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. वाण्याच्या दुकानात पाव किलो साखर मागा आणि त्याच्या हाताकडे लक्ष द्या. पहिले माप तो भरभरून ओततो. मग मापातून सावकाश धार धरतो. काटा मधोमध येत चालला की चिमटी-चिमटीने साखर टाकतो. त्याचे माप चेपलेले असू दे, हात थरथरता असू दे. साखर बरोबर पाव किलोच भरते. का? कारण त्याची नजर हातावर नसते, काट्यावर असते.

याला तंत्रज्ञ 'प्रत्याभरण' किंवा फीडबॅक म्हणतात. किती पडले ते मोजायचे, किती हवे आहे त्याच्याशी ताडायचे आणि त्याप्रमाणे पुढची कृती करायची. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळाही हेच करतो आणि इस्त्रीतला तापनियंत्रकही. यात फायदा असा की हात अचूक नसला तरी चालते. काटा तेवढा अचूक हवा. अचूक पंप महाग असतो. अचूक काटा मात्र आज आश्चर्य वाटावे इतका स्वस्त झाला आहे.

हा काटा म्हणजे 'लोड सेल'. धातूचा एक छोटा ठोकळा, त्याला मधे आरपार भोक आणि पृष्ठभागावर चिकटवलेल्या नागमोडी तारांच्या पातळ पट्ट्या. वजन पडले की ठोकळा डोळ्याला न दिसेल इतका वाकतो, पट्टीतली तार ताणली जाते आणि तिचा विद्युत् रोध किंचित वाढतो. चिकटवता येणारी अशी पट्टी १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे शोधली. रोधातला हा सूक्ष्म फरक ओळखण्यासाठी चार पट्ट्या व्हीटस्टन सेतूत जोडतात. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतला तोच तो सेतू. सेतूला पाच व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला बाहेर मिळतात जेमतेम पाच-दहा मिलिव्होल्ट. ते मोजणारी इलेक्ट्रॉनिक चकती आणि लोड सेल हे दोन्हीही आज शेकड्यांतच मिळतात.

मात्र वाणी आणि आपले यंत्र यांत एक मोठा फरक आहे. साखर जास्त पडली तर वाणी चिमूटभर परत उचलतो. डब्यात पडलेला काळा रंग परत उचलता येत नाही. म्हणून यंत्राने नेहमी अलीकडेच थांबायला शिकले पाहिजे. समजा, २.४० ग्रॅम हवे आहे. यंत्र २ ग्रॅमपर्यंत भराभर ओतते आणि थांबते. काटा स्थिर होऊ देते, वाचते, मग एकेक थेंब सोडते आणि प्रत्येक थेंबानंतर पुन्हा वाचते. थांबल्यावरही किती ठिबकले, याची ते नोंद ठेवते आणि पुढच्या वेळी तेवढे आधी थांबते. अनुभवी वाणी याहून निराळे काय करतो?

बाटली तोला, डबा नव्हे

येथे एक पेच आहे. डबा काट्यावर ठेवला आणि तो वीस लिटरचा असला, तर वजन वीस किलोच्या वर. त्यात थेंबाचे ०.०५ ग्रॅम ओळखायचे, म्हणजे चार लाखांत एक भाग ओळखण्यासारखे! स्वस्त लोड सेलला ते झेपत नाही. तापमान थोडे बदलले तरी त्याचे वाचन त्याहून जास्त सरकते.

मग काय करावे? क्षणभर वाचन थांबवून विचार करा.

उत्तर सोपे आहे. डबा तोलूच नये, कलरंटची बाटली तोलावी! भरलेली बाटली अर्ध्या किलोची आहे. तिच्यातून जितके वजन कमी झाले, तितका रंग डब्यात गेला. अर्ध्या किलोत ०.०५ ग्रॅम म्हणजे दहा हजारांत एक भाग. हे स्वस्त काट्याच्या आवाक्यात येते. डबा एक लिटरचा असो की वीस लिटरचा, अचूकता तीच राहते. धान्य आणि भुकटी हाताळणाऱ्या कारखान्यांत ही घटत्या वजनाची पद्धत फार पूर्वीपासून आहे.

अर्थात काही पथ्ये पाळावी लागतात. बाटली आणि तिची झडप काट्यावर मोकळी टांगलेली हवी. नळीचा किंवा तारेचा ओढा लागला तर काटा फसतो. प्रत्येक वेळी सुरुवातीला काटा शून्यावर आणावा. पंख्याचा वारा लागू देऊ नये. आणि सूत्र मिलिलिटरमध्ये असेल, तर ते प्रत्येक कलरंटच्या घनतेने गुणून ग्रॅममध्ये आणावे. आयर्न ऑक्साइडचा तांबडा लगदा जड असतो, काजळीचा हलका.

छटा ओळखणार कोण?

येथवर आपण सूत्र माहीत आहे असे धरले. पण गिऱ्हाईक जुन्या रंगाचा पोपडा घेऊन आले आणि म्हणाले, "असाच हवा," तर?

त्यासाठी मोठ्या दुकानांत वर्णपटमापक असतो. तो दृश्य प्रकाशाच्या ४०० ते ७०० नॅनोमीटर पट्ट्यात दर दहा नॅनोमीटरला परावर्तन मोजतो; एकूण ३१ आकडे. मग संगणक कुबेल्का-मुंक सूत्राच्या आधाराने असे मिश्रण शोधतो की ज्याचे आकडे याच्याशी जुळतील. हे काम करणारे पहिले प्रसिद्ध यंत्र १९५८ साली अमेरिकेत डेव्हिडसन आणि हेमेंडिंगर यांनी आणले. ते अॅनलॉग गणकयंत्र होते आणि त्याचे नावही गमतीदार होते: 'कॉमिक'.

दोन रंगांतला फरक एका आकड्यात सांगण्याची पद्धत १९७६ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ठरवली. हा आकडा १ च्या आसपास आला की तरबेज डोळ्याला फरक जेमतेम जाणवू लागतो. आपल्या भिंतीवरचा ८३ आणि ८१ टक्क्यांतला फरक याच मापाने सुमारे १ येतो. तेव्हा रंगाऱ्याने त्या रेघेकडे बोट दाखवले, तर त्याला डोळ्यांचे श्रेय द्यायला हवे!

आता आठ-दहा पट्टे मोजणारे स्वस्त प्रकाश-संवेदकही मिळतात. त्यांनी जवळची छटा सुचवता येते. पण ३१ आकड्यांची सर त्यांना येत नाही. याचे कारण आईला विचारा. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस निवडताना ती साडी आणि कापड घेऊन दुकानाबाहेर उन्हात का येते? दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. दोघांची रंगद्रव्ये वेगळी असली की असे होते. मोजके पट्टे पाहणारा संवेदक या फसवणुकीला बळी पडतो. म्हणून स्वस्त यंत्राने आपले काम ओळखून राहावे. ठरलेले सूत्र दर वेळी तंतोतंत तसेच बनवणे, हे ते उत्तम करील. नव्या छटेचे सूत्र शोधताना मात्र दुकानदाराचा मुरलेला डोळा आणि बाहेरचे ऊन यांची मदत घ्यावीच लागेल.

यंत्राचीही निगा लागते

रंगद्रव्याचे कण पाण्यापेक्षा जड असतात. टायटॅनियम डायऑक्साइडची घनता पाण्याच्या सुमारे ४.२ पट, तर तांबड्या आयर्न ऑक्साइडची ५ पटींहून अधिक. ते हळूहळू तळाशी बसतात. कणाचा व्यास दुप्पट झाला तर बसण्याचा वेग चौपट होतो. म्हणून नळकांड्यांतले कलरंट रोज ढवळावे लागतात. नाही ढवळले तर वरून पातळ आणि खालून दाट रंग येतो. मग वजन कितीही बरोबर असले तरी छटा चुकते. दुसरा शत्रू म्हणजे वाळलेली तोटी. म्हणून चांगल्या यंत्रांत तोटीखाली ओला स्पंज ठेवलेला असतो. बनवायला स्वस्त यंत्र रोजच्या देखभालीत माफी देत नाही.

आणि काही गोष्टी कोणत्याच यंत्राच्या हाती नसतात. तीन वर्षांपूर्वीच्या भिंतीचा रंग उन्हाने उतरलेला असतो. तिला डब्यावरचे सूत्र जुळणार नाही. इमल्शन ओले असताना फिकट दिसते आणि वाळल्यावर गडद होते, म्हणून ओला रंग पाहून निवाडा करू नये.

करून पाहा

घरचा भिंतीचा रंग या प्रयोगासाठी वापरू नका. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. पांढरा आणि काळा पोस्टर रंग घ्या.

सहा वाट्यांत सुई नसलेल्या सिरिंजने प्रत्येकी १० मिलिलिटर पातळ केलेला पांढरा रंग घ्या. पहिली तशीच ठेवा. पुढच्या वाट्यांत अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ थेंब काळा घालून नीट ढवळा. पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी पट्टे ओढा आणि वाळू द्या. कोरी वाटी आणि एका थेंबाची वाटी यांत किती फरक दिसतो? आठव्यावर नववा थेंब टाकला असता, तर किती दिसला असता?

शिक्षकांसाठी एक सूचना. दहा विद्यार्थ्यांना सिरिंजने प्रत्येकी २० थेंब पाणी एका हलक्या झाकणात टाकायला सांगा आणि शाळेच्या तराजूवर तोला. सरासरी काढा, सर्वांत कमी व सर्वांत जास्त यांतला फरक काढा. मग त्याच विद्यार्थ्यांना तराजूकडे पाहत बरोबर १ ग्रॅम पाणी टाकायला सांगा आणि पुन्हा फरक काढा. हात तेच, सिरिंज तीच. आकडे काय सांगतात ते फळ्यावर मांडा. प्रत्याभरण म्हणजे काय, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.

आणि पुढच्या वेळी रंगाच्या दुकानात गेलात, तर दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: "काका, एक लिटरच्या डब्यात तुम्ही थेंब कसे मोजता?" तो हसेल, बाटली उचलून दाखवील, कदाचित मागच्या फळीवरचे परत आलेले डबेही दाखवील. ते डबे मोजून या. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एखादा लोड सेल आणि सिरिंज पडून असेल, तर कामाला लागायला तेवढे कारण पुरेसे आहे.